पाण्याची गोळी

गळ्यात निळ्या फितीचा बिल्ला, हातात पॅड,
आणि नेमून दिलेलं काम एकच:
शेवटच्या शिट्टीपासून बाटली भरेपर्यंत
चढाईपटू क्रमांक सात
नजरेआड होऊ द्यायची नाही.
एरवी मी शाळेत कवायत घेते.

हर्णैच्या मैदानावर बक्षिसांचा भोंगा चालू होता
आणि आम्ही दोघी ग्रामपंचायतीच्या मागच्या खोलीत
सीलबंद पाण्याची तिसरी बाटली मध्ये ठेवून
तिच्या लघवीची वाट बघत होतो.

हेमांगी चोगले. वय अठरा.
काट्यावर चौसष्ट किलो नऊशे.
गुडघा सोललेला, ओठ वलांडीवरच्या बोंबलासारखे.
"पी थोडं."
"पितेय की. खाली उतरतच नाय."
"दर्याकाठची पोर, आणि पाण्याला महाग?"
ती हसली नाही.
हा विनोद मी करायला नको होता.

खिडकीतून बंदर दिसत होतं. ओहोटी.
होड्या लांब थांबलेल्या,
बैलगाड्या तुंब्यापर्यंत पाण्यात,
ओल्या वाळूवर लिलावाचा गलका.
"ती लाल पाटीवाली, आई माझी."
आई सुरमईचा कल्ला अंगठ्याने उचलून
कुणाला तरी दाखवत होती.
इतक्या लांबून कल्ला दिसत नाही,
मान तिरकी करायची ढब दिसते:
बघून घे, लाल आहे, आजची आहे.

मग फॉर्म.
गेल्या सात दिवसांत घेतलेली औषधं.
तिथे पेन अडलं.
"बाई, पाण्याची गोळी पण औषधात येते काय?"

उत्तर द्यायची मला मुभा नव्हती.
मी पॅडच्या क्लिपकडे बघत राहिले
आणि ती खिडकीला सांगावं तसं सांगत राहिली.
अप्पा तांडेल होते. आता घरातच.
घोटा दाबला की खड्डा पडतो, लवकर भरत नाही.
दापोलीच्या डॉक्टरची गोळी बिस्किटाच्या डब्यात असते.
बुधवारी काटा सहासष्ट आठशेवर गेला.
सर म्हणाले, अगं पाणीच आहे ते, काढून टाक,
सगळ्याच काढतात.
"दोन रात्री मोरीतच होते. पोटऱ्यांत गोळे आले.
पण उतरलं, बाई. शंभर ग्रॅम खालीच."

भिंतीवर पाल चुकचुकली.
मला वाटलं, संपलं सांगून.

"अप्पांना पुरल्या नाहीत मग.
गुरुवारी त्यांच्या पायात चप्पल जाईना.
आईला बोलले, तू मोजून आणत नाहीस.
आई पण गप्प बसली.
हे कुठल्या रकान्यात लिहायचं?"

तसा रकाना नव्हता.
तिने लिहिलं, शाळेत लिहावं तसं सुटं सुटं:
अप्पांच्या. चार.

पुढचं नियमाने झालं.
कपडे गुडघ्याखाली, बाह्या कोपरावर,
दार उघडं, आणि मी समोर.
बघायचंच असतं. बघितलं.
ती डोळे मिटून उभी होती
चढाईआधी रेषेवर उभी राहते तशी,
फक्त तोंडात कबड्डी नव्हतं.

बाटल्या दोन. झाकणं फिरताना
कटकट वाजतात, मग उलट फिरत नाहीत.

बाहेर पायरीवर तिची आई,
पदराला खवलं चिकटलेली, हातात एक सुरमई.
पोरीला इतका वेळ सांभाळलंत, म्हणाली,
घरी न्या, बाई.
खेळाडूच्या घरचं काही घ्यायचं नसतं.
मी नको म्हटलं.
तिला वाटलं, मला मासळीचा संशय आला.
ती बल्बखाली सरकली,
मान तिरकी केली
आणि अंगठ्याने कल्ला उघडून धरला.